न्हाण्याला वार कशाला?

महिला मंडळाच्या बैठकीत विषय कोणताही असो, बचत गटाचा हप्ता असो की रेशनकार्डात सुनेचे नाव चढवायचे असो, बैठक संपून चहा आला की एखादी ताई हळूच विचारतेच, "भाऊ, केस फार गळायलेत. आठवड्यातून किती बार न्हावं?" आम्ही पडलो कचेरीतले कारकून. आमचा अभ्यास हिशेबाचा. पण कार्यकर्त्याला "हे माझे काम नव्हे" असे म्हणून चालत नाही. म्हणून डॉक्टर मंडळींना विचारून, चार पुस्तके चाळून आम्ही उत्तर जमवले. विषय किरकोळ वाटेल, पण वाचावा अशी विनंती आहे.

आधी वारांचा हिशेब करू. आमच्या वस्तीतल्या एका आजींनी आम्हाला न्हाण्याचे नियम तोंडपाठ म्हणून दाखवले. सोमवारी न्हायचे नाही, गुरुवारी नाही, शनिवारी तर नाहीच. अमावास्येला नाही. घरातले माणूस गावाला निघाले त्या दिवशी नाही. पाळी आली तर चौथ्या दिवसापर्यंत डोक्यावरून पाणी नाही. सातातले तीन वार असे गेले, उरले चार. त्यातले तीन मजुरीचे; पहाटे डबा करून कामावर पळायचे. राहता राहिला रविवार. आणि आपल्या बीड जिल्ह्यात उन्हाळ्यात कितीतरी गावांत नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी येते. ते रविवारीच येईल असे नगरपालिकेने कुणाला लिहून दिलेले नाही. मग ती बाई न्हाणार कधी?

१४ ऑक्टोबर १९५६ ला आपण देव सोडले; देवांचे वार मात्र न्हाणीघरात तसेच राहिले. वाराचा आणि केसांचा काडीचा संबंध नाही. पाळीच्या दिवसांत डोक्यावरून कोमट पाणी घेतल्याने रक्त अडत नाही, गर्भाशयाला काही होत नाही. उलट अंग दुखत असताना बरेच वाटते.

मग केस धुवायचे ते कशावरून ठरवायचे? डोक्याच्या कातडीवरून, केसांच्या जातीवरून (केसांना जात असते, माणसाला नसते) आणि आपण कोणते काम करतो त्यावरून.

केसाच्या मुळाशी कातडीत बारीक ग्रंथी असतात. त्या तेल सोडतात. हे तेल मुळातून केसावर उतरते. केस सरळ आणि बारीक असला तर ते घसरगुंडीवरून आल्यासारखे भरभर खाली येते, आणि एक-दोन दिवसांत डोके चिपचिपीत होते. केस कुरळा असला तर प्रत्येक वळणावर तेल अडते, टोकापर्यंत पोचतच नाही. म्हणून कुरळे केस कोरडे, राठ वाटतात आणि लवकर तुटतात. एकाच घरात, एकाच पाण्यात, एकाच साबणात दोघी बहिणींचे केस वेगळे वागतात ते यामुळे.

तेव्हा ज्यांचे केस सरळ, पातळ आणि तेलकट, त्यांनी एक दिवसाआड धुवावेत. रोज धुतले तरी बिघडत नाही, शाम्पू सौम्य हवा. लाटेसारखे मध्यम केस असतील तर आठवड्यातून दोनदा. दाट, कुरळे, कोरडे केस आठवड्यातून एकदा पुरतात. आठ-दहा दिवस गेले तरी चालते. म्हाताऱ्या माणसांच्या ग्रंथी थंडावतात, त्यांना आठवड्याला एकदा बास. लहान लेकरांनाही एक-दोनदा पुरे. पण मूल बारा-तेरा वर्षांचे झाले की याच ग्रंथी जोमाने कामाला लागतात. तेव्हा जुना नियम चालत नाही.

हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण एका शाळेत आमच्या ओळखीच्या आठवीतल्या मुलीला डोक्याला वास येतो म्हणून मागच्या बाकावर बसवले. चार पोरींनी नाक दाबले. पोर दुसऱ्या दिवसापासून शाळेला जाईना. आई बिचारी रडकुंडीला आली. म्हणाली, "दर रविवारी न्हाऊ घालते की हो." आणि ते खरेच होते. त्या माउलीचे स्वतःचे केस दाट, कुरळे. तिला रविवार ते रविवार पुरत होते. मुलीचे केस गेले बापावर, सरळ आणि मऊ, त्यात वय तेरा, त्यात डोक्यावर चापून तेल आणि उन्हातून तीन किलोमीटर चालणे. शाळेत जाऊन जे बोलायचे ते आम्ही बोललो. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या पाणवठ्यावर येऊ दिले नाही त्यांनाच वर अस्वच्छ म्हणायचे, ही रीत जुनी आहे. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांना ओंजळ भरून पाणी प्यावे लागले ते उगाच नव्हे. पण घरी येऊन आईलाही सांगितले की पोरीला एक दिवसाआड न्हाऊ द्या, आणि शाळेत जाताना तेल नको. पोर शाळेत जाते आहे.

आपल्या केसांची जात ओळखायची कशी? न्हाल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बोटाचे टोक डोक्याच्या मध्यावर घासावे आणि पातळ कागदावर टेकवावे. डाग पडला तर केस तेलकट. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पडला तर मध्यम. आठवडा झाला तरी कागद कोराच, तर कोरडे. एवढी परीक्षा घरात प्रत्येकाची घेता येते, फी लागत नाही.

त्यावर कामाचा हिशेब चढवायचा. सिमेंटची पोती वाहणारे, जिनिंगमध्ये कापसाच्या फुफाट्यात उभ्या असणाऱ्या बाया, वीटभट्टीवरचे, झाडूकाम करणारे, यांच्या डोक्यात घाम आणि धूळ दोन्ही. कुरळ्या केसांचे असले तरी त्यांनी आठवड्यातून दोनदा तरी धुवावे. मधल्या दिवशी शाम्पू नसला तरी नुसत्या पाण्याने घाम निघतो. बाप्यांचे केस आखूड. त्यांना रोज दोन तांबे डोक्यावर घ्यायला काय जाते?

आता गळण्याचे. "जास्त न्हाल्याने केस जातात" ही समजूत घरोघर आहे. माणसाचे दिवसाला पन्नास ते शंभर केस आपोआप गळतात. डोक्यावर लाखभर असतात, त्यामुळे ते कळत नाही. गळालेले केस वेणीत, बुचड्यात अडकून राहतात आणि न्हाताना हातात येतात. जी बाई रोज न्हाते तिला दिवसाचे पाऊणशे दिसतात, जी सात दिवसांनी न्हाते तिला पाचशेचा पुंजका दिसतो आणि धस्स होते. आमच्या भाषेत सांगायचे तर ती सात दिवसांची थकबाकी एकदम वसूल झालेली असते. नवी तूट नव्हे. खरी तूट वेगळी असते. भांग रुंद होत जातो, वेणी दर महिन्याला बारीक होते. त्याची कारणे बहुधा पोटात असतात. रक्त कमी असणे, थायरॉइड, मोठा ताप येऊन गेलेला असणे. बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी केस जातात, तेही बहुतेक वर्षभरात भरून येतात. म्हणून ताईंनो, केस गळतात म्हणून महागाचे तेल आणण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्तातले हिमोग्लोबिन तपासून घ्या.

पाण्याचा प्रश्न सोडून आपल्या जिल्ह्यात केसांचे बोलणे म्हणजे हवेतल्या गोष्टी. आष्टी, पाटोदा, शिरूर या भागात टँकरची वाट बघत बायांचे अर्धे आयुष्य गेले. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा आपल्याकडेही काही सुकाळ नव्हता. आणि बोअरचे पाणी मिळाले तरी ते बहुधा जड. त्यात चुना विरघळलेला असतो. पातेल्याच्या तळाला पांढरा थर बसतो, डाळ शिजता शिजत नाही, ते पाणी जड समजावे. अशा पाण्यात साबण लावला की फेस होत नाही, साबण आणि चुना मिळून चिकट राप तयार होतो आणि तो केसांवर बसतो. बाईला वाटते डोके अजून निघाले नाही, म्हणून ती आणखी साबण घासते. राप आणखी चढतो. कपड्याचा साबण तर केसांना लावूच नये. अंगाचा साबणही नको. शाम्पू हा साबण नव्हे, त्याचा जड पाण्यात असा राप होत नाही. शिकेकाई-रिठ्याचेही तेच. त्यांत फेस करणारे द्रव्य नैसर्गिक असते, रात्री भिजवून सकाळी उकळले की झाले. डोळ्यांत जाऊ देऊ नये, फार झोंबते.

शाम्पू म्हटले की काहींना ती साहेबी चैन वाटते. शब्द आपल्याच बाजूचा आहे. आपण डोक्याची चंपी म्हणतो ना, त्याच घराण्यातला. पाटण्यात १७५९ साली जन्मलेला दीन महंमद नावाचा माणूस विलायतेला गेला आणि ब्रायटन गावी त्याने साहेबांना चंपी करून देणारे स्नानगृह काढले. साहेब लोक त्याला शाम्पू म्हणू लागले. तेव्हा ती पुडी उघडताना संकोच नको.

एका बादलीत न्हायचे कसे, ते सांगतो. पंधरा लिटरची बादली मध्यम केसांना पुरते. आधी कोरड्या केसांतला गुंता कंगव्याने काढावा, म्हणजे निम्मे काम झाले. दोन मग पाण्याने डोके पूर्ण भिजवावे. पुडीतला शाम्पू सरळ डोक्यावर न ओतता अर्ध्या मग पाण्यात कालवावा आणि तो डोक्याच्या कातडीला बोटांच्या टोकांनी चोळावा, नखांनी नव्हे. केसांच्या शेंड्यांना वेगळा लावायची गरज नाही, वरून उतरणारा फेस त्यांना पुरतो. मग थोडे थोडे पाणी घेऊन पूर्ण निघेपर्यंत धुवावे. पाणी फार जड असेल तर एका मग पाण्यात अर्धे लिंबू पिळून ते केसांवरून सोडावे आणि पुन्हा साधे पाणी घ्यावे. डोक्यात जखम किंवा फोड असतील तर लिंबू नको. पावसाळ्यात पत्र्याच्या वळचणीला टिपाड लावले तर त्यासारखे हलके पाणी नाही. पहिला पाऊस पत्रा धुऊन जाऊ द्यावा. न्हाणीचे पाणी संडासात टाकायला होते, ते मोरीत सोडू नये.

खर्च? चौघांचे घर धरा. आईला एक पुडी, मुलीला तीन, बाप आणि मुलगा यांना मिळून तीन. आठवड्याला सात पुड्या. दोन रुपयांची पुडी धरली तर चौदा रुपये. आपल्या राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरी भाऊलोकांच्या खिशात ज्या पुड्या असतात त्यांचा हिशेब आम्ही इथे काढत नाही.

तेलाबद्दल वाद फार. मुंबईतल्या दोन संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना करून दाखवले की न्हाण्याआधी खोबरेल लावले तर ते केसात मुरते आणि धुताना केसाची झीज कमी होते. दुसऱ्या दोन तेलांनी तसे होत नाही. हे संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतलेच होते, हेही सांगितले पाहिजे. पण त्यांचे काम शास्त्राच्या मासिकात छापून आलेले आहे. तेव्हा कोरड्या, कुरळ्या केसांना न्हाण्याच्या आदल्या रात्री किंवा तास-दोन तास आधी खोबरेल लावावे. लावून चार दिवस तसेच धुळीत हिंडू नये.

ज्यांना कोंडा आहे त्यांनी तर कोंड्यावर तेल थापूच नये. कोंडा हा कोरडेपणा नव्हे. डोक्याच्या कातडीवर एक सूक्ष्म बुरशी असते, ती याच तेलावर जगते. ती माजली की कोंडा. औषधाच्या दुकानात कीटोकोनॅझोल असलेला शाम्पू मिळतो. तो आठवड्यातून दोनदा, डोक्यावर पाच मिनिटे ठेवून, महिनाभर वापरावा. लेकराच्या डोक्यात गोल चट्टा पडून तिथले केस तुटले असतील तर ते गजकर्ण. ते वरून मलम लावून जात नाही, पोटातून गोळ्या घ्याव्या लागतात. बीडचे जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय गाठावे.

उवांचे थोडक्यात. उवा घाणीने होत नाहीत. स्वच्छ डोक्यातही होतात, डोक्याला डोके लागले की चढतात. तेव्हा लेकराला मारू नका, त्याचा टकलाही करू नका. ओल्या केसांतून बारीक फणी दर दोन-तीन दिवसांनी फिरवा. परमेथ्रिन एक टक्क्याचे औषध लावा आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा लावा, कारण लिखा फुटून तेवढ्यात नव्या उवा निघतात. घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी बघा. आणि हात जोडून सांगतो, कपाशीवर मारायचे औषध लेकराच्या डोक्याला लावू नका. रॉकेलही नको. कीटकनाशक कातडीतून आत जाते आणि पोर दगावते.

दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातून उसाच्या टोळ्या निघतात. सांगली-कोल्हापूरकडे, नगर-पुण्याकडे, कर्नाटकात. पाच-सहा महिने कोपीत. तिथे बाई पहाटे तीनला उठते, फडात जाते, दिवसभर तोडते, डोक्यावर चुंबळ ठेवून मोळ्या वाहते, गाडी भरेपर्यंत रात्र होते. पाचटाची कूस, घाम, माती केसांत. वर घट्ट फडके बांधलेले. कंगव्याला सवड नाही, पाण्याला आडोसा नाही. उघड्यावर न्हायची लाज वाटते म्हणून महिना-महिना डोक्यावर पाणी पडत नाही. अशात तिला "आठवड्यातून दोनदा" सांगणारे आम्ही कोण? तरी जमण्यासारखे सांगतो. निघण्याआधी केस खांद्यापर्यंत कापून घ्यावेत. वाढतात ते. रात्री झोपताना दोघींनी एकमेकींचे केस पाच मिनिटे विंचरून सैल वेणी घालावी. सुट्टीच्या दिवशी चार बायांनी मिळून साड्यांचा आडोसा करावा आणि आळीपाळीने न्हावे. टोळीच्या बायांसाठी आडोसा आणि पाणी हे मुकादमाकडे मागायची गोष्ट आहे. उचल घेताना पैशाचे बोलतो, तेव्हाच हेही बोलून घ्यावे.

असे महिनोन्‌महिने विंचरले नाही तर काय होते, ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. केस एकमेकांत गुंततात. घाम, तेल आणि धूळ त्यांना चिकटवतात. गाठ बसते, ती वाढते, दोरखंडासारखी होते. डॉक्टर तिला रोग म्हणतात, गाव तिला जट म्हणते. "देवी अंगात आली, आता कापायची नाही, कापली तर घरावर येईल." तिथून हळद-कुंकू सुरू होते, आणि त्या बाईचे न्हाणे कायमचे बंद होते. पूर्वी अशाच जटेवरून कोवळ्या पोरी यल्लम्माला सोडल्या गेल्या आणि त्यांचे पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. कर्नाटकाने त्याविरुद्ध १९८२ साली कायदा केला. २० ऑगस्ट २०१३ ला ज्यांचा पुण्यात खून झाला त्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जट सोडवण्याचे काम चालवले आहे. पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी एकटीने दोनशेहून अधिक बायांच्या जटा कापल्या. त्या मूळच्या ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या, म्हणजे केसांतल्याच जाणकार.

जट धुऊन सुटत नाही, ओढून तर मुळीच नाही. पाणी लागले की आत ओल राहते, कुजट वास येतो, उवा होतात, कातडीला जखमा पडतात. वजनाने मान दुखते, कुशीवर झोपता येत नाही. उपाय एकच, कातरी. कातडीपासून बोटभर अंतर राखून कापावी. केसात रक्त नसते, जीव नसतो, दुखत नाही. बाईची स्वतःची तयारी होईपर्यंत थांबावे. जबरदस्तीने कापली आणि पुढच्या महिन्यात घरात कुणी तापाने पडले तर खापर तिच्यावर फुटते. कापताना तिची सासू, नवरा, शेजारीण समोर बसवावेत, म्हणजे नंतर कुजबूज उरत नाही. मग डोके कोमट पाण्याने धुवावे, जखम असेल तर डॉक्टरांना दाखवावी. केस महिन्याला अर्धा इंच वाढतो. या दिवाळीला जट कापली तर पुढच्या दिवाळीला सहा इंच केस होतात. तेवढ्यांना आठवड्यातून एक पुडी पुरते.